पायांखालची ओल

वऱ्हाडातील जुन्या वाड्यांत लाकडी खांब थेट जमिनीवर उभा केलेला सहसा आढळत नाही. त्याखाली घडीव दगडाचा तळखडा असतो. जमिनीची ओल दगडापाशीच थांबावी आणि मेळघाटचे सागवान कोरडे राहावे, हा त्यामागील शहाणपणाचा हिशेब. अमरावती-अकोल्यातील व्यापारी कुटुंबे वाडे सोडून काँक्रीटच्या घरांत आली, तेव्हा आजोबांचे कपाट आणि पेढीवरचे मुनीमजींचे उतरते मेजही सोबत आले; तळखडा तेवढा मागे राहिला.

काँक्रीट दिसते कोरडे, परंतु त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. जोत्यात ओल अडविणारा थर नसेल किंवा तो फाटला असेल, तर खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढते. येथील काळी माती पाऊस थांबल्यावरही दीर्घकाळ पाणी धरून ठेवते. दर्यापूर-अकोटकडील खारपाणपट्ट्यात त्या पाण्याबरोबर क्षारही येतात. फरशीच्या सांध्यांत पांढरा लोणा फुटतो आणि तो हवेतील दमटपणाही ओढून घेतो.

लाकूड सर्वाधिक पाणी पिते ते पायाच्या तळातून, कारण तेथे त्याचे तंतू आडवे कापलेले असतात. नेमके तेथेच पॉलिश नसते. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले की बुरशीला अनुकूल स्थिती निर्माण होते. ओलाव्याच्या मागोमाग वाळवी येते आणि मग विषारी फवारणीचा प्रश्न उभा राहतो. जैन घरात हा प्रश्न किती अवघड, हे सांगावयास नको. म्हणून चातुर्मासापूर्वीच फर्निचरचे पाय तपासणे श्रेयस्कर.

उन्हाळ्यात धोका नाही, हाही भ्रमच. वऱ्हाडात कूलर घरोघरी. त्याचे झिरपणारे पाणी पलंगाच्या पायाशी साचते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद फरशीवर चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली थेंब जमले किंवा फरशी काळवंडली, तर ओल खालून येत आहे. नव्या काँक्रीटच्या बाबतीत २८ दिवसांनी ताकद येते, मात्र ते वाळण्यास कित्येक महिने लागतात; गृहप्रवेशाच्या घाईत हे विसरले जाते.

उपाय करताना प्रथम वस्तू आडवी ठेवून पाय सावलीत पूर्ण वाळू द्यावेत. ओल्या लाकडावर लेप दिला, तर ओल आतच कोंडते. नंतर तळाला इपॉक्सीचे दोन हात देऊन खाली कडप्प्याचा किंवा नायलॉनचा भरीव तुकडा बसवावा. तो पायापेक्षा किंचित लहान असावा. बाजारातील वाटीसारख्या टोप्या देखण्या असतात. पण फरशी पुसतानाचे पाणी त्यांत शिरते आणि पाय आतून कुजतो. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. नवे कपाट करविताना तळाशी ग्रॅनाइटची चार इंची बैठक द्यावी आणि खालच्या भागास आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय वापरावा. दाबलेल्या भुशाचा बोर्ड एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. तेथील काटकसर महागच पडते.

जुन्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात बहुधा रोजमेळ, खतावण्या आणि घराची कागदपत्रे असतात. पाय दुरुस्त होईपर्यंत ती वरच्या कप्प्यात हलवावीत.