प्रत्येक सुई इन्सुलिनची नसते

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात ‘शुगर’च्या पेशंटला डॉक्टरांनी सुई सुचवली की घरात एकच अर्थ निघतो: इन्सुलिन सुरू झालं, आता आजार हाताबाहेर गेला. लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही औषधंही पोटाच्या कातडीखाली पेनानंच टोचतात, म्हणून लोक त्यांनाही इन्सुलिनच समजतात. ही गल्लत जिवावर बेतू शकते.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, यकृताला साखर सोडायला सांगणाऱ्या ग्लुकागॉनला आवरतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि मेंदूला पोट भरल्याची खबर देतं. हे नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होतं. ही औषधं त्याचीच टिकाऊ नक्कल आहेत. सेमाग्लुटाइडची सुई आठवड्यातून एकदा पुरते. आठवडी बाजाराचा दिवस धरला तर विसरायलाही होत नाही.

पण ही औषधं लागू पडायला स्वादुपिंडात इन्सुलिन बनवण्याची ताकद उरलेली हवी. टाइप १ मधुमेहात ती जवळजवळ नसते. अशा पेशंटनं इन्सुलिन सोडून ही सुई धरली, तर रक्तात आम्ल साचून तो दगावू शकतो. टाइप २ मध्येही चालू इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नये.

‘या सुईनं साखर एकदम उतरते’ हीही भीती ऐकू येते. साखर वाढलेली असेल तेव्हाच हे औषध इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे एकट्यानं ते साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. खरा धोका सोबतच्या ग्लिमेपिराइडच्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा. भूक मंदावलेली, त्यात एकादशीचा उपवास आणि गोळीचा डोस जुनाच, असं झालं की घाम फुटतो, हातपाय थरथरतात. म्हणून सुई सुरू करतानाच त्या डोसचं डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणि ही सुई म्हणजे शेवटचा उपाय मुळीच नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मधुमेहींना ती लवकर देण्याकडेच कल आहे. २०१६च्या ‘लीडर’ चाचणीत ९,३४० जणांमध्ये लिराग्लुटाइडनं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून १३ टक्क्यांनी घटले. २०२४च्या ‘फ्लो’ चाचणीत सेमाग्लुटाइडनं मूत्रपिंडाचे गंभीर परिणाम आणि संबंधित मृत्यू २४ टक्क्यांनी कमी केले.

वजनाचं म्हणाल, तर जास्त डोसच्या सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं; औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलं. लग्नापुरता ‘कोर्स’ करण्याचं हे औषध नव्हे.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ सुरुवातीला होतं; डोस हळूहळू वाढवला की बहुतेकांचं निभतं. पोटात असह्य दुखून कळ पाठीत गेली, तर मात्र सुई थांबवून दवाखाना गाठावा. गरोदरपणात आणि घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असल्यास ती घेऊ नये. मधुमेहाचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर साखर झपाट्यानं उतरल्यानं तो वाढू शकतो; सुई सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्यावा.

किंमत हा अडसर आहेच. मुंबईच्या ग्लेनमार्कनं जानेवारी २०२४ मध्ये लिराग्लुटाइडची देशी आवृत्ती आणली, तरी रोजचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास होता. एवढं महाग औषध आपल्याकडच्या उन्हाळ्यात सांभाळावंही लागतं. न उघडलेला पेन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं औषध टाकूनच द्यावं. वापरातला पेनही ३० अंशांपुढे जाऊ देऊ नये. जालन्याहून आणताना मोटारसायकलच्या डिकीत न ठेवता बर्फाच्या पिशवीत, पण बर्फाला थेट न टेकवता आणावा.