ताब्याचं काम ताट वाढण्याआधीचं

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की मावळातलं परंदवडी. इकडे भातखाचरं आणि ऊस, तिकडे द्रुतगती मार्ग आणि तळेगाव-उर्सेच्या कारखान्यांकडे माणसं नेणाऱ्या कंपनीच्या बस. आजोबा दिवसभर चिखलणीत उभे राहून चार भाकरी पचवायचे. नातू शिफ्टभर मशीनसमोर असतो, ताट मात्र आजोबांचंच. मग पोट सुटतं आणि घरचं निदान ठरलेलं असतं: "तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!"

हे निदान अर्धवट खरं आहे, म्हणूनच ते जास्त नडतं. वजन उतरवायला मन लागतंच. पण ते नेमकं कधी लागतं, याबद्दल भलतेच समज आहेत.

पहिला समज असा की मनोनिग्रह बॅटरीसारखा असतो, दिवसभर वापरला की रात्री उतरतो. याला शास्त्राचा आधारही मिळाला होता. 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी काही जणांसमोर चॉकलेटची बिस्किटं ठेवली आणि खायला मात्र मुळा दिला. पुढे अवघड कोडी सोडवताना मुळेवाल्यांनी लवकर हात टेकले. निष्कर्ष निघाला की मोह आवरण्यात त्यांची ताकद खर्च झाली. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर मिळून हाच परिणाम दुसऱ्या पद्धतीने तपासला, तेव्हा हाती जवळपास काहीच लागलं नाही. तेव्हा "आज दिवसभर कंट्रोल केला, आता संपला" ही सबब तितकीशी पक्की नाही.

उपयोगाची गोष्ट निराळीच निघाली. जर्मनीत 205 प्रौढांना दिवसातून अनेकदा विचारलं गेलं की आत्ता काय हवंसं वाटतंय आणि ते टाळताय का. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांचा संयम मुळात चांगला, ते मोहाशी झुंजण्यात पटाईत असतील असं वाटतं ना? त्यांच्यावर झुंजायची वेळच कमी येत होती. म्हणजे पाहुण्यांनी लोणावळ्याहून आणलेल्या चिक्कीच्या पुड्याकडे रात्रभर बघत राहणं हा संयम नव्हे. शेंगदाणा-गुळाची चिक्की शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास कॅलरी देते. आपल्यापुरते दोन तुकडे वाटीत काढून पुडा त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी वाटून टाकला की विषय संपला. ताबा तिथं दाखवायचा.

पण पंगतीत काय करायचं? मावळात सप्ताह, जत्रा, लग्न, वास्तुशांत काही ना काही चालूच असतं, आणि वाढप्याला नुसतं "नको" ऐकू येत नाही. "नाही म्हटलं तर माणसं दुखावतात" हा समज निम्मा खरा आहे. लोकांना आग्रह करायचा असतो आणि तो मानलेला बघायचा असतो, तुम्ही किती खाल्लं हे कुणी मोजत नाही. म्हणून पहिल्या वेळी निम्मंच वाढून घ्यावं आणि आग्रहाला जागा ठेवावी. दुसऱ्यांदा वाढपी आला की अर्धा डाव घ्यावा, दोघांचं समाधान. पेटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं आधीच ठरवण्याचा परिणाम अभ्यासला. "कमी खाईन" अशा मोघम संकल्पापेक्षा असा ठराव जास्त पाळला जातो. "बुंदी परत आली की पानावर हात आडवा धरायचा आणि ताक मागायचं," एवढं घरून निघतानाच ठरलेलं असावं. पंगतीत बसून विचार करू म्हणाल, तर तोवर बुंदी पानात पडलेली असते.

यापुढचा समज मला सगळ्यात घातक वाटतो: "आज मोडलंच आहे, तर आता सोमवारपासून." 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. ज्या एरवी मोजूनमापून खात नसत, त्यांनी शेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत डाएट सांभाळत, त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडला, आता कशाला आवरायचं! आता हिशेब बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. जत्रेच्या मटणावर आडवा हात मारून हजार कॅलरी जादा गेल्या तरी चरबी सव्वाशे-दीडशे ग्रॅमच होईल. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसतो तो मिठाने धरलेलं पाणी, साठवलेली साखर आणि आतड्यात अजून असलेलं जेवण यांचा. वजन वाढतं ते जत्रेनंतरच्या "आता गेलंच"च्या आठवड्यात. म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढूच नये, आणि दुपारी नेहमीचं जेवावं. कमी नव्हे, नेहमीचं.

देहू इथून जवळच, त्यामुळे एकादशी घरोघर. "उपास केला की वजन उतरतं." उतरेलही, खरोखर काही खाल्लं नाही तर. कोरडा साबुदाणा शंभर ग्रॅमला साधारण 350 कॅलरी, शेंगदाणे साडेपाचशेच्या वर, त्यात तूप आणि बटाटा. खिचडीची ताटली कधीकधी रोजच्या भाजी-भाकरीला मागे टाकते. शिवाय "मी आज उपाशी आहे" ही भावना रात्रीच्या फराळाला मोकळीक देते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

भाताला उगाच बदनाम केलं जातं. इंद्रायणी, 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण, शिजवल्यावर शंभर ग्रॅमला 130च्या आसपास कॅलरी देतो. मावळात राहून भात सोडायची शपथ घेणं म्हणजे चार दिवसांनी ती मोडायची तयारी. भात आधी वाटीने मोजून घ्यावा, पातेलं चुलीपाशीच ठेवावं.

"पोट भरलं की कळतंच" हेही तपासून बघण्यासारखं आहे. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्या दोन रुग्णांची नोंद केली. जेवण झाल्याचं ते विसरत, आणि थोड्या वेळाने दुसरं ताट पुढे आलं की पुन्हा जेवत. पुरे झालं हे पोटाइतकंच आठवणही सांगते. मोबाइलवर मालिका बघत जेवणाऱ्याची ही आठवणच धूसर राहते, आणि दोन तासांनी हात फरसाणाच्या डब्यात जातो.

लहान ताटाच्या युक्तीवर मात्र भिस्त ठेवू नका. तिचा गाजावाजा करणारे ब्रायन वॉनसिंक यांचे डझनाहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले आणि 2018 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं. फायदा वाटत असेल तर वापरा, नुकसान काही नाही.

"हे डाएटचं आहे" असं म्हणत खाणंही महागात पडू शकतं. 2011 मधल्या एका छोट्या, 46 जणांच्या प्रयोगात आलिया क्रम यांनी एकच 380 कॅलरींचा शेक दोन वेगवेगळ्या दिवशी दिला. एकदा लेबल होतं 620 कॅलरींच्या चंगळीचं, एकदा 140 कॅलरींच्या शहाणपणाचं. चंगळ समजून प्यायल्यावर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक बरंच जास्त खाली आलं. प्रयोग लहान, त्यावर इमले बांधू नयेत. पण नाचणीची भाकरी आणि पिठलं शिक्षा म्हणून गिळण्यापेक्षा चवीनं खाल्लेलं बरं, हे आपल्याकडेही जुनंच आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामने, 1924 मध्ये सुरू झालेल्या संस्थेने, 1970 मध्ये हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती काढली. त्या ग्रंथातल्या मिताहारात पोटाचा चौथा भाग मोकळा ठेवायला सांगितलंय. गंमत म्हणजे तिथलं अन्न स्निग्ध आणि गोड आहे, नुसत्या काकडीचं नाही.

राहिले ते "मी कुठं जाडा आहे?" म्हणणारे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. हातपाय काटकुळे, पोट गोल, अशी आपल्याकडची कितीतरी माणसं काट्यावर "नॉर्मल" दिसतात. म्हणून काट्याआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांनी 90 आणि बायकांनी 80 सेंटीमीटरच्या आत राहावं, असा दक्षिण आशियाई लोकांसाठीचा मापदंड आहे.