लहान मोटारबोटीतील इग्निशन स्विचचे दोष : एक तांत्रिक विवेचन

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पालम हे तालुके गोदावरीकाठी आहेत. पूरकाळात तेथे बचावकार्यासाठी मोटारबोट लागते. एरवी दीर्घकाळ पडून राहिलेल्या बोटीच्या विद्युत जोडांवर दमट हवेने गंज चढतो. किल्ली फिरवूनही इंजिन सुरू न झाल्यास दोष सहसा स्विचला दिला जातो. तथापि तपासणी क्रमाने करणे इष्ट होय.

स्टार्टर फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर चालकाने अंगाला बांधावयाच्या सुरक्षा-दोरीची खूणचीप जागेवर आहे काय, हे प्रथम पाहावे. स्टार्टरच फिरत नसेल, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून बॅटरी, तिचे जोड व फ्यूज तपासावेत. त्यानंतर व्होल्टमीटर लावावा. बॅटरीकडून येणाऱ्या तारेच्या टोकाशी सुमारे १२ व्होल्ट असूनही किल्ली ‘स्टार्ट’वर धरल्यावर स्टार्टरकडे जाणाऱ्या टोकाशी वीजदाब मिळत नसेल, तरच स्विच सदोष ठरतो. तो मिळत असल्यास दोष न्यूट्रल स्विच, सोलेनॉइड अथवा स्टार्टरमध्ये शोधावा. पेट्रोलची वाफ साचलेली असताना तारा थेट जोडून ठिणगी पाडू नये.

सारांश, ही तपासणी मृग नक्षत्रापूर्वीच व्हावी. पुरात दोष शोधण्यास अवधी नसतो.