थांबविण्याची रीत

नावावरून गुणांची पारख करू नये, असे जाणते लोक सांगतात. संगणकावरील 'किल' या आज्ञेच्या बाबतीत ही गोष्ट अगदी खरी आहे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'ठार मारणे' असा असला, तरी या आज्ञेचे खरे काम निरोप पोचविण्याचे आहे.

इ. स. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. तिच्याच धर्तीवर १९९१ मध्ये लिनक्स ही प्रणाली जन्मास आली. या प्रणालींत एकाच वेळी शेकडो कामे चाललेली असतात. चालू असलेल्या प्रत्येक कामास 'प्रक्रिया' म्हणतात. वर्गातील मुलांना हजेरीपटावर क्रमांक असतात, तसाच प्रत्येक प्रक्रियेलाही एक क्रमांक असतो. 'पीएस' ही आज्ञा लिहिली, की हा हजेरीपट पडद्यावर उमटतो.

एखादी प्रक्रिया थांबवावयाची असेल, तर 'किल' हा शब्द व त्यापुढे तिचा क्रमांक लिहितात. एवढे केले, की तिला १५ क्रमांकाचा संकेत मिळतो. 'हातातले काम आवरा आणि निरोप घ्या,' असा त्याचा आशय होय. चांगल्या रीतीने रचलेला कार्यक्रम हा संकेत मिळताच अपुरी नोंद पुरी करतो, तात्पुरत्या फायली पुसून टाकतो आणि मगच थांबतो.

संकेत अनेक प्रकारचे आहेत. कळफलकावरील 'कंट्रोल' व 'सी' या कळा एकत्र दाबल्या, की समोर चाललेल्या कामास २ क्रमांकाचा संकेत जातो. १ क्रमांकाच्या संकेताचे नाव 'हँगअप' असे आहे. पूर्वी दूरच्या संगणकाशी दूरध्वनीच्या तारेने संबंध जोडीत; तो तुटला, की हा संकेत जाई. तो काळ मागे पडला, पण नाव टिकून राहिले. 'स्टॉप' या संकेताने प्रक्रिया मरत नाही. ती आहे तेथेच थबकते आणि 'कंट' हा संकेत मिळताच पुढे चालू लागते.

या सर्वांहून निराळा आहे तो ९ क्रमांकाचा संकेत. इतर बहुतेक संकेत मिळाल्यावर काय करावयाचे, हे प्रक्रियेला ठरविता येते. काहींकडे ती दुर्लक्षही करू शकते. ९ क्रमांकाचा संकेत मात्र तिच्या कानी पडतच नाही. कार्यप्रणाली स्वतःच तिचा शेवट करते. तिने अडवून ठेवलेली स्मृती मोकळी होते, उघड्या फायली मिटतात; पण अर्धवट लिहिलेले अर्धवटच राहते.

समजा, एखाद्या ग्रंथालयातील ५०० पुस्तकांची यादी संगणकावर तयार होत आहे. ३०० नोंदी फायलीत उतरल्या आहेत आणि २०० अद्याप स्मृतीतच आहेत. अशा वेळी १५ क्रमांकाचा संकेत दिला, तर उरलेल्या नोंदी लिहून घेण्यास कार्यक्रमाला अवसर मिळतो. उतावळेपणाने ९ क्रमांकाचा संकेत दिला, तर त्या २०० नोंदी कायमच्या नाहीशा होतात. कोणाचे तरी दिवसभराचे श्रम क्षणात वाया जातात.

म्हणून हा संकेत निरुपयोगी मानू नये. जी प्रक्रिया कोणाचेच ऐकत नाही, तिला आवरण्यास दुसरा उपाय नसतो. मात्र या अधिकारालाही मर्यादा आहेत. सामान्य वापरकर्ता केवळ स्वतःच्या प्रक्रियांना थांबवू शकतो. दुसऱ्यांच्या प्रक्रियांवर हुकमत चालते ती 'रूट' या मुख्य व्यवस्थापकाची. एखादी प्रक्रिया तबकडीकडून माहिती येण्याची वाट पाहत कार्यप्रणालीच्या आत अडकली असेल, तर ती वाट पाहणे संपेपर्यंत ९ क्रमांकाचा संकेतही लागू पडत नाही.

संपूर्ण संगणक बंद करतानाही कार्यप्रणाली हाच क्रम पाळते. प्रथम ती सर्व प्रक्रियांना आवरण्याचा संकेत देते, काही काळ थांबते आणि तरीही जी उरेल तिच्यावरच बळाचा प्रयोग करते. आधी सूचना, मग अवधी आणि अगदी शेवटी बळ, ही रीत केवळ सौजन्याची नव्हे. तिच्यामुळेच माणसाने कष्टाने केलेले काम सुरक्षित राहते.