‘जेवलीस का?’ला खरं उत्तर

रात्रीचे साडेआठ. खच्चून भरलेल्या विरार लोकलमधून मीरा रोडला उतरायची रोजची कसरत तुम्ही पार पाडलीय. पूनम सागरमधला भाड्याचा फ्लॅट, तीन रूममेट्स, सिंकमध्ये सकाळची भांडी आणि डोक्यावर उद्याचं सबमिशन. तेवढ्यात घरून फोन येतो, ‘जेवलीस का गं?’ तुम्ही ‘हो’ म्हणता. खरं तर पोटात असतो दुपारचा वडापाव आणि हातात वेफर्सचा पुडा.

ही थाप आठवड्यातून एकदा ठीक. रोजचीच झाली, की अंगावर येते. सकाळी उठवत नाही, लेक्चरला डुलक्या लागतात आणि महिनाअखेरीस कळतं, की निम्मा पॉकेटमनी बाहेरून मागवण्यातच उडालाय. त्यावर एक सोप्पा उपाय आहे. एकच पॅन, अर्धा तास आणि चिकन-भाज्या घातलेला पास्ता.

‘पास्ता म्हणजे एकात उकळा, दुसऱ्यात सॉस करा, मग चाळणी घासा...’ थांबा! इथे पास्ता सॉसमध्येच शिजतो. २०१३मध्ये अमेरिकेतल्या मार्था स्ट्युअर्टच्या मासिकात अशी एक रेसिपी आली आणि एका भांड्यातला पास्ता जगभर गाजला. आपल्याला मात्र यात नवल वाटायला नको. आजीची वरणफळं आठवा. कणकेचे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे, तिथेच शिजवायचे आणि वरून तूप. तत्त्व तेच!

काय लागेल? (दोघांसाठी)

पेने किंवा फुसिली पास्ता २०० ग्रॅम, बोनलेस चिकन ब्रेस्ट २०० ग्रॅम, एक कांदा, तीन पिकलेले टोमॅटो, एक सिमला मिरची, एक गाजर, मूठभर पालक, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तेल, मीठ, मिरपूड. शिवाय पिझ्झाबरोबर आलेली ऑरेगॅनो आणि चिली फ्लेक्सची पाकिटं ड्रॉवरमध्ये पडून असतीलच, त्यांचा आज उद्धार करा. भाज्या येता येता घ्या, चिकन दुकानातच बारीक कापून मागा.

चला, गॅस पेटवा

चिकनचे तुकडे अर्ध्या इंचाचे हवेत. नळाखाली धूत बसू नका, त्याने जंतू सिंकभर उडतात. मीठ-मिरपूड लावा, गरम तेलात तीन-चार मिनिटं परता आणि ताटलीत काढून ठेवा. कच्चं चिकन ठेवलेली ताटली मात्र इथे वापरायची नाही.

त्याच पॅनमध्ये लसूण, कांदा परता. टोमॅटो घालून मऊ होऊ द्या. गाजर, पास्ता, थोडं मीठ आणि पाण्याचे तीन ग्लास, म्हणजे साधारण ६०० मिली पाणी घाला. उकळी आली की गॅस मध्यम करा, झाकण अर्धवट ठेवा आणि दर दोन मिनिटांनी ढवळा. फोन बघत बसलात, तर तळाला लागलंच म्हणून समजा!

आठ मिनिटांनी सिमला मिरची आणि चिकन परत आत टाका. आणखी चार-पाच मिनिटांत पाणी आटून सॉस दाटसर होईल. पास्ता कच्चा वाटला तर अर्धी वाटी गरम पाणी घाला. चिकनचा सगळ्यात मोठा तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसला तर अजून शिजू द्या. शेवटी पालक, ऑरेगॅनो, चिली फ्लेक्स. झालं!

मैदा, क्रीम काहीच नाही, मग सॉस दाट कसा?

पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो. एरवी आपण ते पाणी सिंकमध्ये ओतून देतो, इथे तेच सॉस बांधून ठेवतं. फक्त पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलंय ना, ते बघा. ड्युरम म्हणजे आपल्याकडच्या बन्सी गव्हाचीच जात. मैद्याचा पास्ता पटकन गिच्च होतो.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे ५५ किलो वजनाला साधारण ४६ ग्रॅम. या पास्त्याच्या एका वाढणीतून चिकनचं २२ आणि पास्त्याचं १२ ग्रॅमच्या आसपास मिळतं. चिकन खात नसाल, तर भिजवून पिळलेले सोया चंक्स किंवा पनीर शेवटी घाला.

घासायला काय उरलं? एक पॅन, एक सुरी, दोन-तीन ताटल्या. कुणी घासायचं ते रूममेट्समध्ये ठरवा. स्वयंपाक करणाऱ्याला सुट्टी, हा नियम बरा!

आणि उद्या रात्री फोन आला, की ‘हो, जेवले’ म्हणा. काय केलं होतंस, हा पुढचा प्रश्न येईलच. या वेळी सांगायला काहीतरी असेल.