उभ्या पिकावरचे कर्ज

विकसनशील देशाची आर्थिक प्रकृती तपासताना आपण विकासदर, महागाई आणि परकीय गंगाजळी पाहतो. तंजावूरच्या राजवाड्याचा इतिहास आणखी एक प्रश्न विचारायला भाग पाडतो: उद्याच्या महसुलावर आजच कोणाचा हक्क लिहून दिलेला आहे?

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांची गादी स्थापिली, तेव्हा त्यांच्या हाती कावेरीच्या खोऱ्यातले भाताचे कोठार आले. हे राज्य गरिबीने बुडाले नाही. १७६२ च्या तहाने त्याच्यावर अर्काटच्या नवाबाची २२ लाख रुपयांची थकबाकी आणि दरसाल ४ लाखांची पेशकश बसली. नवाब महंमद अली स्वतःच मद्रासच्या इंग्रज सावकारांच्या विळख्यात होता. थकबाकीचे निमित्त करून १७७३ मध्ये त्याने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावूर घेतले, तुळजाजीराजांना कैद केले आणि जिंकलेल्या मुलखाचा महसूल आपल्या सावकारांना लावून दिला.

पुढची हकिकत आजच्या अर्थमंत्र्यांनी मुळातून वाचावी अशी आहे. १७७६ मध्ये लंडनच्या आज्ञेवरून गव्हर्नर पिगट यांनी तुळजाजींना गादी परत दिली. लगोलग पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचाच एक नोकर पुढे आला. त्याचा पगार वर्षाला काही शे पौंड. दावा मात्र असा, की नवाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावूरच्या महसुलावर आपले १ लाख ६२ हजार पौंड आहेत, शिवाय तेथील लोकांकडून ७२ हजार पौंड येणे आहेत. तारण काय, तर महसूल आणि शेतातले उभे पीक! कौन्सिलने प्रथम पुरावा अपुरा ठरवला. नंतर बहुमत फिरले. नवाबाच्या कर्जात मद्रासच्या अनेक अधिकाऱ्यांचे पैसे गुंतलेले होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. पिगट आडवे आले, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना अटक केली आणि १७७७ मध्ये ते कैदेतच वारले. नवाबाची कर्जे चौकशीविना फेडण्याच्या आदेशावर १७८५ मध्ये एडमंड बर्क यांनी पार्लमेंटमध्ये कोरडे ओढले. पुढच्या शतकात चौकशी झाली, तेव्हा तोवर साचलेले दावे बहुतांश खोटे निघाले. त्याने तंजावूरचे काही परत आले नाही. गादीसोबत कंपनीची फौज आणि तिच्या खर्चाचे दरसाल ४ लाख पगोडा आले होते. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने शिवारे उजाड झाली. आणि १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे १ लाख पगोडा व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सरस्वती महालातील ज्या ग्रंथसंग्रहापुढे आपण नतमस्तक होतो, तो बव्हंशी या तनख्यावरच वाढला.

पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये सुमारे ५१ अब्ज डॉलरच्या परकीय कर्जाची फेड थांबवली. २०१९ मधील बेफिकीर करकपात (मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर) हे त्याचे एक कारण होते. पण फेड थांबल्यानंतर चीन, भारत, जपान आणि खासगी रोखेधारक यांपैकी कोणी किती सोडायचे, हे ठरता ठरता अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. मोझांबिकची गोष्ट अधिक लाजिरवाणी. तेथे २०१३-१४ मध्ये सरकारी हमीवर घेतलेली अब्जावधी डॉलरची कर्जे संसदेपासून लपवली गेली आणि २०१६ मध्ये ती उघड होताच देशाची पत कोसळली.

भारत या रांगेत नाही. आपले सरकारी कर्ज मुख्यतः देशांतर्गत आणि रुपयांत आहे. तरीही केंद्राच्या अर्थसंकल्पातील प्रत्येक रुपयामागे सुमारे २० पैसे व्याजात जातात, आणि अर्थसंकल्पाबाहेरची कर्जे ही आपलीही जुनी खोड आहे. ज्या भातासाठी बेनफील्डने हात पुढे केला, त्याच्या आजच्या खरेदीचा व अन्नधान्य अनुदानाचा बोजा केंद्राने वर्षानुवर्षे भारतीय अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावून झाकला. २०२१ च्या अर्थसंकल्पात तो उघडपणे हिशेबात आला, हे चांगलेच झाले. त्यानंतर राज्यांच्या महामंडळांची अशी कर्जे केंद्र त्या राज्यांच्याच कर्जमर्यादेत मोजू लागले. कर्जमर्यादेवरील निर्बंधांविरुद्ध केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये तो वाद घटनापीठाकडे सोपवण्यात आला.

मर्यादा किती असावी, हे घटनापीठ ठरवील. परंतु कोणत्या महामंडळाने कोणता कर, कोणता पथकर, कोणते भाडे कोणाकडे आणि किती वर्षांसाठी गहाण ठेवले आहे, याची महालेखापालांनी तपासलेली यादी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्राने त्याची सुरुवात येत्या अधिवेशनातच करावी.