मांजरपाट ते फ्लेक्स

१ मे १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पाट्यांवरचं ‘जि. परभणी’ खोडून ‘जि. हिंगोली’ लिहायची वेळ आली. ब्रशवाल्या पेंटरांची चलती असलेला हा बहुधा शेवटचा काळ.

तेव्हा कार्यक्रमाचा फलक म्हणजे मांजरपाट. गेरू लावलेला दोरा ताणून कापडावर रेघ उठवायची, खडूने अक्षरं मांडून बघायची आणि मगच रंगात ब्रश बुडवायचा. रस्त्यावर आडवं बांधायचं असेल तर कापडाला मधूनमधून अर्धगोल चिरा द्यायच्या. वारा त्यातून निघून जातो, नाहीतर कापडाचं शीड होऊन दोर तुटतात. अक्षर न् अक्षर हाताने काढायचं, त्यामुळे मजकूर आपोआप आटोपशीर राही. औंढा नागनाथ, महाशिवरात्र यात्रा, खाली तारीख. धावत्या एसटीतूनही वाचून व्हायचं.

पुढच्या दशकात फ्लेक्स आला. चौरस फुटाचा भाव, तासाभरात छपाई, पावसाची भीती नाही. पेंटरांची कामं गेली, त्याबरोबर आटोपशीरपणाही गेला. फोटो फुकटात मावतो म्हटल्यावर कोण सोडतो? वर नेते, खाली शुभेच्छुक, उरलेल्या कोपऱ्यात तारीख. गंमत अशी, की हिंगोलीत रामलीला मैदानावरच्या दसऱ्याची किंवा अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या मोदकाची वाट कुणाला सांगावी लागत नाही. फलकाची खरी गरज रक्तदान शिबिराला, जनावरांच्या लसीकरणाला. तिथेही ठिकाण शोधावं लागतं!

कायदा १९९५पासून आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करणं गुन्हा आहे. पण १३ मे २०२४ला घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून १७ जण गेले, तेव्हा कुठे सगळीकडे सांगाडे तपासण्याची भाषा सुरू झाली. आपल्याकडचे बांबूवरचे फ्लेक्स लहान, पण वारा त्यांनाही सोडत नाही.

यंदा मंडळाचा फलक छापायला द्याल तेव्हा वार, तारीख, वेळ आणि ठिकाण यांना निम्मी जागा द्या. इंचभर उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून नीट वाचता येतं. पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच हवं. बाण वळणावर नको, वळणाच्या आधी लावा. विजेच्या खांबाला हात लावू नका. आणि कार्यक्रम उरकला की दुसऱ्या दिवशी सकाळी फलक उतरवून घ्या.